काट्याला टांगलेली होडी

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा होडीशी आयुष्यात कधी संबंध येणार नाही अशा तमाम नागपूरकरांनाही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, यंदाच्या जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता, शहराबाहेरच्या एका तलावाच्या काठी, एका निरपराध होडीला सर्वांसमक्ष टांगण्यात आले. ही बातमी उभे राहून ऐकावी. बसून ऐकली तरी चालेल, पण हातातला चहा खाली ठेवा.

आता खुलासा. आमच्या इथे शिडाच्या होड्या चालवणाऱ्यांचा एक छोटा क्लब आहे. हसू नका. समुद्र कुठल्याही दिशेने निघालं तरी आगगाडीत दिवस घालवल्याशिवाय आम्हाला भेटत नाही, म्हणून काय आम्ही वाऱ्यावर हक्क सांगायचा नाही? तलाव आहे, वारा आहे, पंधरा-वीस हौशी माणसं आहेत, एक पत्र्याची शेड आहे. शेडमध्ये होती एक कॅटामरान. म्हणजे दोन लांबट, निमुळते, पोकळ भाग, ज्यांना आम्ही पाय म्हणतो. त्यांना जोडणारे दोन आडवे दांडे. आणि मधे खाटेसारखी ताणलेली जाळी. माणसं जाळीवर बसतात, डोलकाठी समोर, सुकाणू मागे. आमची ही कॅटामरान जाड प्लॅस्टिकची, एकेकाळची लाल, आता उन्हाने कलिंगडाच्या सालीजवळच्या गरासारखी फिकी झालेली.

या होडीला क्लबातले काही लोक म्हैस म्हणत. मी त्यांची नावं लिहीत नाही, पण ते लोक कोण आहेत हे त्यांना ठाऊक आहे.

म्हैस म्हणा, काही म्हणा, पण गेली आठ वर्षं दर रविवारी सकाळचा एक तास मी आणि माझी बायको तिच्यावर काढत आलो आहोत. आम्ही दोघंही पन्नाशी ओलांडलेली आणि खाऊन-पिऊन सुखी माणसं. घरात आम्ही बोलतो ते गॅस, दूध आणि कुणाच्या लग्नाला काय द्यायचं यावर. होडीवर आम्ही भांडतो. फार चांगलं भांडतो. वारा कुठून येतोय, शीड कुणी ढिलं सोडलं, साखरपुड्याच्या दिवशी कुणाची मावशी काय बोलली होती. काठाला लागलो की दोघंही हलके झालेलो असतो. तो तास जाणार, अशी वेळ आली तेव्हा मी का पेटून उठलो, हे तुम्हाला आता कळेल.

गांधीबागेत कापडाचा ठोक व्यापार असलेले आमचे एक सभासद आहेत. गोरेगोमटे, सडसडीत, सभ्य. त्यांची सभ्यता इतकी जबरदस्त आहे की तिचा राग येतो. कुठलंही कापड दिसलं की ते चिमटीत धरून चोळतात आणि डोळे मिटून वजन सांगतात. या गृहस्थांनी यंदा क्लबाला एक नवी कॅटामरान भेट दिली. फायबरची, पांढरीशुभ्र, आत फोमचा थर, सगळं कसं बडीशेपेसारखं हलकं. आनंदाची गोष्ट. पण शेडमध्ये जागा एका होडीची आणि एका आशेची. नवीसोबत जुनीही ठेवायची तर कारण हवं. मग समितीने नियम केला: दोन माणसांना शेडपासून पाण्यापर्यंत उचलून नेता आली पाहिजे, म्हणजे होडी शंभर किलोच्या आत हवी. त्याहून जड असली की भंगारात.

मी म्हणालो, चालेल. आमच्या जुनीच्या कागदावर नव्वद किलो लिहिलेलं आहे.

गृहस्थ म्हणाले, "कागदाचं काय आहे भाऊ, आमच्याकडे कापडावरपण लिहिलेलं असते. तोलून घेऊ."

आणि दुकानातून कापडाच्या गाठी तोलायचा लटकता काटा घेऊन आले. मोठी गोल तबकडी, लाल सुई, खाली लोखंडी आकडा. मासळीबाजारातली कतला तोलावी तशी माझी होडी शेडच्या तुळईला टांगली. आठ वर्षं जिने आम्हाला पाठीवर घेतलं, तिच्या पोटाखालून दोरखंड. मी तिथेच सगळ्यांना सुनवायला सुरुवात केली. होडीची परीक्षा पाण्यात होते की हवेत, हा माझा पहिला मुद्दा होता. एकूण सहा मुद्दे होते. आमचा रखवालदार, जो साठीचा आहे आणि ज्याचं निम्मं आयुष्य तलावात जाळी टाकण्यात गेलं, तो मधेच काहीतरी म्हणू पाहत होता. आतमधून आवाज येतो की काय, असं काहीसं. मी त्याला हाताने थांबवलं. माझा चौथा मुद्दा चालू होता.

सुई एकशे अडतीसवर थांबली.

नवी अडुसष्ट भरली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण चेहरे टाळ्या वाजवल्यासारखे झाले.

माझा संताप कशाचा होता ते नीट सांगतो. वजन म्हणजे सगळं नव्हे, हे त्या माणसांना कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते मीच का सांगायचं? होडी वळते कशी, टिकते कशी, हे कोण बघणार? शिवाय आमच्या जुनीची हेळसांड झाल्याचा कुणी आरोप केलाच, तर त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. एप्रिलच्या शेवटी नागपुरात होडी काय, चप्पलसुद्धा उन्हात ठेवायची नसते. पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा प्लॅस्टिक त्या उन्हाने मऊ पडतं, वाकतं. पूर्ण मे महिना होड्या बंद असतात. तेव्हा मी काय केलं? गांधीलमाशा आत घर करतात म्हणून पायांच्या मागच्या टोकांची बुचं स्वतः घट्ट बसवली. माठाभोवती गुंडाळतो तशी गोणपाटं तिच्या अंगावर घातली. आणि रोज ऑफिसला जाण्याआधी वाट वाकडी करून, दोन बादल्या पाणी त्या गोणपाटांवर ओतलं. एक दिवस खाडा नाही. घरच्या कूलरची इतकी सेवा मी कधी केली नाही, असं बायको म्हणते, आणि ते खरं आहे. अशा निगा राखलेल्या होडीला भंगार म्हणायला जीभ कशी रेटते?

मी समितीकडे एक आठवडा मागितला. पुढच्या रविवारी दोन्ही होड्या पाण्यात उतरवू, वळवून बघू, काठाला लावून बघू, मग निकाल द्या. समितीने होकार दिला, कारण माझा सातवा मुद्दा सुरू होणार होता. आणि त्या आठवड्यात मी तिला दोनऐवजी तीन बादल्या घातल्या. तिचा अपमान झाला होता, तिला थंडाव्याची गरज होती.

रविवार उजाडला. वारा आमच्या तलावावर येतो तसाच आला, म्हणजे पश्चिमेकडून निघून, टेकडीला अडखळून, तीन दिशांनी. नव्या होडीवर गृहस्थ आणि त्यांचा भाचा, दोघं मिळून आमच्यातल्या एकाएवढे. जुनीवर आम्ही दोघं. सरळ रेषेत, खोटं कशाला बोलू, ती पांढरी गेली ती गेलीच. पाण्यावर टेकतसुद्धा नव्हती. आमची चालत होती, पण नेहमीपेक्षाही संथ, मागच्या बाजूला बसल्यासारखी.

बायकोने विचारलं, "अहो, ही आज अशी डुलून काहून राहिली?"

मी म्हणालो, दुखावली आहे.

मग वळण आलं. कॅटामरानचं दुखणं तिथेच असतं. एका पायाची होडी वाऱ्याच्या तोंडातून चटकन गिरकी घेते. दोन पायांच्या होडीला वळायला जोर लागतो. जड होडी आधीच्या धावेच्या जोरावर रेटून पलीकडे जाते. हलकी मध्यावर पोचते, तिचा जोर संपतो, आणि ती वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, शीड फडफडवत. पांढरीचं नेमकं तसं झालं. उभी राहिली, आणि मग हळूहळू मागे जाऊ लागली. गृहस्थ मागे जाताजाता आम्हाला हात हलवून नमस्कार करत होते. मी सांगितलं ना, सभ्यतेचा राग येतो. आमची जुनी मात्र वळणात शिरली आणि हमालाने गर्दीतून पोतं काढावं तशी बाहेर पडली. बायकोने मला त्या वर्षातली पहिली शाबासकी दिली.

काठावर तर निकालच लागला. आमच्या तलावाचा काठ म्हणजे वाळू नव्हे. मुरूम आणि काळा दगड. जुनी त्या दगडावर खरखरत चढली आणि बसली, जशी आठ वर्षं बसत आली. पांढरी त्याच दगडाला लागली आणि 'टक' असा आवाज झाला. उलटी करून पाहिली तर पोटाला रुपयाएवढी चीर. गृहस्थांनी तिथे बोट फिरवलं आणि शांतपणे कबूल केलं की तलम कापडाचं हेच असतं. सगळे चिरीभोवती जमले, कुणी चिकटपट्टी आणायला धावलं. त्या गडबडीत आमच्या होडीकडे बघायला कुणाला वेळ नव्हता, मलाही नाही.

मी उंच दगडावर उभा राहून जाहीर केलं की चालवण्यात आणि टिकण्यात जुनी जिंकली आहे, सबब तिला शेडमध्ये मानाने ठेवावं. समितीने मान डोलावली आणि म्हणाली, नियम वजनाचा आहे. उचलून दाखवा.

मी आणि बायको पुढे झालो. तिने पुढची बाजू धरली, मी मागची. मी काय सांगू. होडी उठली नाही. माझ्या कमरेत मात्र काहीतरी उठलं. लोक बघत होते. बायकोच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना, कारण तो राग नव्हता. तिने होडीच्या फिक्या लाल अंगावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "जाऊ द्या. आपलंही वय झालं."

हे ऐकून मी भडकलो. वय कुणाचं झालं? काटा खोटा आहे, मी म्हणालो. गाठी तोलणाऱ्या काट्याला होडीतलं काय कळतं? पुन्हा टांगा. आत्ता.

गृहस्थांनी वाद घातला नाही. काट्याच्या आकड्याला दोन्ही हातांनी लोंबकळून त्यांनी स्वतःचं वजन दाखवलं. एकसष्ट. बरोबर आहे, असं त्यांची बायको काठावरून म्हणाली. मग सगळ्यांनी मिळून होडी ओढत शेडपाशी नेली आणि काट्याला चढवली. सुई सरकत गेली आणि एकशे शेहेचाळीसवर थांबली.

आठवड्यात आठ किलो. होडी अंग धरत होती, जावयासारखी. कुणीतरी खुदकन हसलं. मी म्हणालो, हा कट आहे.

आता दोरखंड थोडा सरकला होता आणि होडीची मागची बाजू खाली झुकली होती. रखवालदार कुणाला न विचारता उठला, तिच्या मागे जाऊन बसला, आणि दोन्ही पायांची बुचं फिरवून काढली.

पाणी आलं. थेंब नव्हे, दोन धारा, बोटाएवढ्या जाड, थंडगार. मुरुमात खळगा पडला, खळगा भरला, त्यातून ओहोळ निघून समितीच्या चपलांपर्यंत गेला. सुई खाली येत होती आणि गृहस्थ आकडे मोठ्याने वाचत होते, प्रामाणिकपणे, जणू गिऱ्हाईक समोर उभं आहे. एकशे तीस. एकशे पंधरा. एकशे दोन. बायकोने माझं मनगट धरलं. शंभर. सत्त्याण्णव. ब्याण्णववर सुई थांबली, दोन थेंब आणखी पडले, आणि समितीच्या अध्यक्षांनी ओल्या चपला झटकत सांगून टाकलं की होडी राहील, शेडची भिंत एक हात पुढे सरकवू.

गृहस्थांनी दोन्ही पायांच्या पाठीवर, आत हात घालायला असतात त्या गोल झाकणांवर अंगठा दाबला. झाकणांखालचं रबर उन्हाने तडकलेलं होतं. त्यातून थेंबथेंब पाणी आत उतरत राहिलं असणार, असं ते म्हणाले. महिनाभर तरी.

आता तरी मी आनंदी व्हायला हवं होतं, नाही का? पण मी न्यायाचा माणूस. एका मुक्या होडीला महिनाभर गुपचूप पाणी पाजून तिला काट्यावर बदनाम करणारा मोकळा सुटणार? मी पुन्हा त्या दगडावर चढलो. या कृत्याची चौकशी झाली पाहिजे, असं म्हणालो. मे महिन्यात इथे रोज कोण येत होतं, कुणाच्या हातात बादली होती, हे शोधून त्याचं नाव शेडच्या दारावर लिहिलं पाहिजे, असंही म्हणालो. मी गांधीबागेच्या गृहस्थांकडे बघितलं नाही, पण मान त्या बाजूला किंचित वळली असेल. बायको खालून माझा पायजमा ओढत होती. मी तिला थांब म्हणालो, आणि दोन्ही हात पसरून विचारलं की, सांगा, या होडीत पाणी कुणी भरलं?

रखवालदार हातातली बुचं तशीच धरून माझ्यासमोर आला. त्याच्याने आता राहवेना.

"साहेब, मी कवाचा सांगून राहिलो, तुम्ही बोलूच नाही देत. महिनाभर रोज सकाळी दोन-दोन बादल्या तर तुम्हीच पाजून राहिले होते ना जी तिले!"