विमानमामा आणि न दिसणारी विमानं

"यातलं कोणतं विमान भारी?" असं कोणी विचारलं, की विमानमामा उत्तर देत नसत. चष्मा कपाळावर सरकवून तेच उलट विचारायचे, "कुठून पाह्यलं तर?" समोरचा गडबडायचा. मग मामांचे आणखी प्रश्न यायचे. समोरून पाहिलं तर, बाजूनं पाहिलं तर, की मागून? जमिनीवरून, की वरच्या दुसऱ्या विमानातून? सोयाबीनचं कोणतं बियाणं घ्यावं आणि पुतणीसाठी आलेल्या दोन स्थळांपैकी कोणतं बरं, यावरही त्यांचं हेच सुरू व्हायचं. मामी वैतागून म्हणायच्या, "तुमाले साधं 'हाव' नाई तर 'नाई' म्हनता येत नाई का?" मामा यावरही थोडा विचार करायचे.

बुलडाण्याजवळच्या देऊळघाटला आमची आणि त्यांची भिंत एक होती. नात्यानं ते आमचे कोणी नव्हते, पण गावातल्या निम्म्या पोरींचे ते मामाच होते. वायुदलातून सार्जंट म्हणून निवृत्त होऊन ते गावी आले. आमच्याकडे सैन्यातून आलेल्या प्रत्येकाला फौजी म्हणतात. मामा ते दुरुस्त करायचे, की फौज जमिनीवरची, मी विमानाचा माणूस. ही दुरुस्ती इतक्यांदा झाली की त्यांचं नावच विमानमामा पडलं. मात्र आपण विमान चालवत नव्हतो, हे सांगायला ते कधी विसरत नसत. विमानाच्या अंगाचा पत्रा, त्याचे जोड, रिव्हेट आणि स्क्रू, एवढंच आपलं काम, असं ते सांगत.

पण ते काम कोणत्या विमानावर आणि कुठे केलं, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. लग्नाकार्यात कोणी खोदून विचारलं, की मामा तुरीच्या शेंगांवर पडलेल्या अळीची चौकशी करायला लागायचे. जगातल्या सगळ्या लढाऊ विमानांबद्दल मात्र ते तासन् तास बोलत. ही सगळी माहिती छापील असे. टपालानं येणाऱ्या मासिकांतली आणि वर्तमानपत्रांतली कात्रणं ते जाड वह्यांमध्ये चिकटवत आणि प्रत्येकाखाली लाल शाईनं मासिकाचं नाव, महिना, पान लिहीत. मी एकदा विचारलं, की तुम्ही स्वतः पाहिलेलं तर याहून जास्त असेल, ते का नाही सांगत? मामा म्हणाले, "छापलेलं सगळ्यायचं असते. हातानं केलेलं आपलं नसते, पोरी. थे ज्यायचं आहे त्यायच्यापाशी ठेवून आलो."

रविवारी सकाळी विहाराच्या वाचनालयात ते शिकवायला बसत. मी तेव्हा पुण्यात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि सुट्टीत घरी आले की हमखास जायचे. रडारला न दिसणारं विमान म्हणजे काय, हे मला पुस्तकातल्या समीकरणांनी समजलं नव्हतं, ते मामांनी मामींच्या भांड्यांनी समजावलं. खिडक्या लावून घ्यायच्या. टेबलावर स्टीलचा चकचकीत तांब्या ठेवायचा आणि त्याच्यावर टॉर्च मारायचा. तांब्या कसाही फिरवला तरी एक ठिपका चमकतोच, कारण गोल वस्तूचा कुठला ना कुठला भाग टॉर्चच्या समोर येतोच. मग सपाट ताट तिरपं धरायचं. उजेड भिंतीवर जातो आणि टॉर्चवाल्याला ताट जवळजवळ दिसतच नाही. शेवटी दोन आरसे काटकोनात जोडून धरायचे. तिथे मात्र उजेड वळून थेट टॉर्चवाल्याच्या डोळ्यांत यायचा. "हा काटकोन वैरी," मामा सांगायचे. "म्हनून या विमानायच्या शेपट्या सरळ उभ्या नसतेत, कलत्या असतेत."

त्यानंतर फळ्यावर रडारपासून लपणारी चार परदेशी विमानं यायची. एफ-२२ च्या पंखांच्या, शेपटीच्या, झाकणांच्या कडा मोजक्या दिशांनाच समांतर ठेवलेल्या, म्हणजे उजेड परतायचा तर त्या थोड्याच दिशांना परतेल. दोन्ही एंजिनांची मागची तोंडंही चपटी. पण त्याच्या अंगावरचा लेप नाजूक, सारखी निगा मागणारा. एफ-३५ चा लेप अधिक टिकाऊ. एंजिन एकच आणि त्याचं तोंड गोल, पण कडेला करवतीसारखे दात. जे-२० समोरून त्याच पठडीतलं, मात्र नाकाजवळ दोन छोटे पंख जास्तीचे, आणि ते हलले की काय दिसतं यावर जाणत्यांचे वाद. सुखोई-५७ नं शस्त्रं पोटात लपवली, समोरच्या बाजूवर मेहनत घेतली, पण मागची दोन गोल तोंडं तशीच ठेवली. त्याला लपण्यापेक्षा वळण्याची हौस जास्त, असं मामांचं मत होतं. हवा आत घेणारा मार्ग वाकडा का असतो, तेही ते दाखवायचे. सरळ पाइपातून पलीकडचा पंखा दिसतो, वाकवलेल्या पाइपातून दिसत नाही. फिरती पाती म्हणजे रडारला मेजवानीच.

कोणीतरी हमखास विचारायचं, "अन् आपलं राफेल?" मामांच्या तोंडून स्तुती ऐकायला सगळे टपलेले असत. मामा म्हणायचे, की राफेल चांगलंच आहे, त्यानंही हवेचा मार्ग वाकवला आहे, कडांना दात दिले आहेत, पण शस्त्रं बाहेर टांगून उडतं. लपायच्या वर्गात त्याचं नाव नाही, त्याचा वर्गच वेगळा. लोक हिरमुसायचे. मामांना त्याचं काही वाटत नसे.

विमान कसंही घडवा, एक स्क्रू वर राहिला की सगळी मेहनत वाया, हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. विमानाजवळ नेलेली प्रत्येक वस्तू मोजून परत यायला हवी, आणि एक पाना सापडत नसेल तर तो सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही, ही शिस्त ते गावीही घेऊन आले होते. पुतणीच्या लग्नात आचाऱ्याची वांगी चिरायची सुरी सापडेना. पंगत बसली होती, पत्रावळ्या मांडल्या होत्या. मामा भाजीच्या गंजासमोर, म्हणजे मोठ्या पातेल्यासमोर, उभे राहिले आणि म्हणाले, सुरी सापडल्याशिवाय वाढायचं नाही. वरपक्षाकडचे कुरकुरायला लागले. मामी तर रडायच्या बेतात आल्या. मामांनी दुसरा गंज मागवून त्यात भाजी थोडी थोडी ओतायला लावली. तळाशी सुरी निघाली. व्याह्यांनी ती पाहिली आणि ते परत पंगतीत जाऊन बसले. मामांनी सुरी धुऊन आचाऱ्याच्या हातात दिली आणि स्वतः वाढायला लागले.

अशा माणसावर गुपितं फोडल्याचा आळ आला, आणि तो माझ्यामुळे आला.

झालं असं, की एका रविवारी मी त्यांचा तास फोनवर चित्रित केला. पुण्याच्या माझ्या मैत्रिणींना माझी वऱ्हाडी ऐकून हसू यायचं. त्याच बोलीत एवढं कठीण विज्ञान कसं सांगता येतं, ते त्यांना दाखवायचं होतं. मामांना विचारलं, तर त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, काढ. मी तो व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. तो पाहता पाहता चिखली, मेहकर, अकोल्यापर्यंत फिरला. मग कोणीतरी त्यातला राफेल लपत नाही एवढाच तुकडा कापला आणि त्यावर लिहिलं, माजी जवानानं फोडली आपल्या विमानांची गुपितं. सीमेवरच्या बातम्यांनी तेव्हा वातावरण आधीच तापलेलं होतं. आठवडाभरात मामांना पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं.

मी रडत त्यांच्याकडे गेले आणि माझी चूक झाली, मीच जाऊन सांगते, म्हणाले. मामा दाढी करत होते. आरशातूनच बोलले, "काढ म्हनून मीच सांगतलं ना? मंग तू कायले रडून राह्यली?" मग म्हणाले, की चल सोबत, वह्या जड आहेत.

ठाण्यातले साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि चहा मागवला. तक्रार आली आहे, विचारणं भाग आहे, असं ते म्हणाले. मामांनी व्हिडिओतलं एकेक वाक्य घेतलं आणि ते कुठे छापलेलं आहे, हे वहीतून काढून दाखवलं. लाल शाईतलं मासिक, महिना, पान. मी नुसती ते सांगतील ती पानं धरून ठेवत होते. शेवटी साहेबांनी विचारलं, की नोकरीत तुम्ही नेमकं कोणत्या विमानावर काम केलं?

मामांनी वही मिटली. "साहेब, थे तुमालेही नाई सांगता येत. वायुदलाच्या ऑफिसाले कागद लिहा, त्यायलेच इचारा."

मला वाटलं, आता संपलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग ते म्हणाले, की वह्या इथेच ठेवून जा, वरून उत्तर आलं की कळवतो.

ते उत्तर यायला अकरा दिवस लागले. त्या दिवसांत गाव बदललं असं म्हणणार नाही, पण मामांच्या ओट्यावर चहाला येणाऱ्यांची संख्या रोडावली. रविवारी वाचनालयात मी आणि मामा दोघंच बसलो, तेव्हा त्यांनी टॉर्च बाहेर काढलाच नाही. पेन्शन बंद होईल का, याची चर्चा लोकांनीच केली, त्यांनी नाही. त्यांचं दुखणं वेगळं होतं. ज्यांच्यासाठी इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं, त्यांनाच आता आपल्याबद्दल विचारणा होणार, ही गोष्ट त्यांना खात होती. मामी भिंतीपलीकडून मला हाक मारून म्हणाल्या, "तुह्यावर राग नाई माहा. पन थे जेवून नाई राह्यले, पाह्य."

बाराव्या दिवशी परत बोलावलं. साहेबांनी आम्हाला आत नेलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की वरून उत्तर आलंय, यात काहीही आक्षेपार्ह नाही, सगळं जगजाहीर आहे, तक्रार बंद केली. मामांनी टोपी काढली आणि परत घातली. साहेबांनी वह्या पुढे सरकवल्या, तर त्यांतून कागदाच्या चिठ्ठ्या डोकावत होत्या. त्यांनी तीन वह्या वाचून काढल्या होत्या. चपटं तोंड समजलं, साहेब म्हणाले, पण कडेला ते दात कशासाठी? मामांनी एक कोरा कागद आणि कात्री मागितली, आणि सरळ कडेवरून उजेड सरळ परततो, दातेरी कडेवरून तिरपा निसटतो, हे कापून दाखवलं. पुढचा अर्धा तास त्या ठाण्यात तास चालला. दाराशी दोन हवालदारही उभे होते.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, भूक लागली. स्टँडसमोर त्यांनी एकामागून एक तीन कचोऱ्या खाल्ल्या. मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं, म्हणाले. मी मान हलवली. पाणी माझ्याही डोळ्यांत होतं, आणि माझ्या कचोरीला तर मिरची नव्हतीच.

त्या रविवारी वाचनालयात बाहेरच्या ओट्यापर्यंत माणसं बसली. कोणी माफी मागितली नाही, मामांनी कोणाला विचारलंही नाही. खिडक्या लावा, एवढंच म्हणाले.

पुढे मला बीबी या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली. मी रुजू झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मामा न सांगता आले. देऊळघाटहून बुलडाणा, तिथून पुढे दोन एसट्या बदलून. प्राचार्यांची परवानगी घेऊन ते माझ्या अकरावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले. मी तरंगांचं परावर्तन शिकवत होते. मामांकडे पाहायचं नाही असं ठरवूनही माझं लक्ष तिकडेच जात होतं. मध्येच एका मुलीनं विचारलं, की वटवाघळाला स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनी इतर वटवाघळांच्या आवाजांतून वेगळा कसा ओळखू येतो? मला येत नव्हतं. काहीतरी ठोकून द्यावं असं क्षणभर वाटलं. मग मी म्हणाले, मला माहीत नाही, वाचून उद्या सांगते. वर्ग थोडा हसला. मुलीनं मात्र प्रश्न वहीत लिहून घेतला.

मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेले. वाटेत मीच विचारलं, की माझं शिकवणं कसं झालं? ते म्हणाले, "आवाज मागपर्यंत येते. अन् जे नाई येत थे नाई येत म्हनतं तू. आता मले घोर नाई."

पुढच्या हिवाळ्यात मामा गेले. सकाळी चहा घेऊन ओट्यावर उन्हात बसले होते, तसेच. मामी म्हणतात, त्रास झाला नाही, आणि मी त्यावर विश्वास ठेवते. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, त्यामुळे माझ्या आठवणीत त्यांचं शेवटचं दर्शन बीबीच्या स्टँडवरचंच आहे. त्या दिवशी मेहकरची गाडी लागली होती. मामा खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर घेतली. कंडक्टरनं घंटी मारली, मी निरोपाला हात वर केला आणि पाहिलं, तर गाडी हलायच्या आतच, काचेला डोकं टेकवून, त्यांना गाढ झोप लागली होती.