पंधरा किलोंची पेटी

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या मावसभावाचा बेदाण्याचा कंटेनर न्हावा शेवा बंदरात कस्टम्सने अडवला. कागदांनुसार माल अफगाणिस्तानचा होता. त्या देशाशी असलेल्या करारामुळे आयात शुल्कात सवलत मिळते आणि भावाने ती मागितली होती. माल खरोखर तिथला आहे का, याबद्दल अधिकाऱ्यांना शंका होती.

भाऊ सांगलीत बेदाण्याचा व्यापारी आहे. मी साताऱ्यात एका वर्तमानपत्रात काम करतो. बातमी मला घरातून कळली नाही. बाजारातल्या एका ओळखीच्या माणसाने फोन केला. "तुमच्या भावानं चीनचा माल काबूलचा म्हनून आनला म्हनं." कोण म्हणतं, हे त्याला सांगता आलं नाही. हे पसरलं तर भावाच्या मालाला सौद्यात, म्हणजे बाजारातल्या लिलावात, कोणी हात लावणार नव्हतं.

मी सांगलीला गेलो.

"माल कुठला?" मी विचारलं.

"आवं दादा, चपला काडल्या तसा पेपरवाल्याचा संशय बी भायेर ठेवायचा की."

"इचारू द्या," भावजय चहा ठेवत म्हणाली. "मी बी आठवडाभर त्येच इचारतीय."

त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. खोक्यांच्या थप्प्या होत्या. पंधरा किलोंची पेटी, सांगलीत असते तशीच. मागच्या भिंतीवर अरबी पाटी होती.

"ह्या कुठे भरल्या?"

"दुबईत. काबूलवरनं गोण्या आल्या, हिरवा-काळा एकात एक. निवडून पेट्या करून घेतल्या. गोणीतला बेदाणा आपल्याकडं कोन बघतंय?"

सवलत हवी असेल तर वाटेतल्या तिसऱ्या देशात माल उघडायचा नसतो. कस्टम्सचे कागद बघणाऱ्या एजंटने हे सांगितलं नव्हतं का, असं मी विचारलं.

"सांगितलं हुतं, दुसरा माल मिसळू नका म्हनून. आमी कुटं मिसळला? निवडलाच की!"

"निवडताना तू तिथे होतास?"

"व्हिडिओ कॉलवर हुतो."

"सगळा वेळ?"

तो मोबाइलवर बोट फिरवत राहिला. भावजय त्याच्याकडे बघत होती. "सांगा की," ती म्हणाली.

"लय येळ हुतो," तो म्हणाला.

मी नमुन्याच्या पिशवीतले चार दाणे खाल्ले. गोड होते. त्यावरून काही ठरत नव्हतं.

पुढे कस्टम्सने सवलत नाकारली. कारण दिलं, माल वाटेत उघडला गेला. तो कुठला, याबद्दल आदेशात काही नव्हतं. भावाने पूर्ण शुल्क भरून कंटेनर सोडवला आणि माल सौद्याला मांडला.

त्या दिवशी मी बाजारात होतो. सौद्यात खरेदीदार पेटीतून मूठभर बेदाणा घेतात, तळहातावर चोळतात, एखादा दाणा चावतात आणि उरलेला खाली टाकतात. माल जितक्या हातांतून जातो, तितका तो पायाखाली साचतो. भावाच्या पेट्यांपाशी दोघे थांबले. एकाने दुसऱ्याला काहीतरी सांगितलं आणि दोघे पुढे गेले.

सौदा संपल्यावर शेजारच्या पेट्यांसमोर बेदाण्याचा चिकट थर होता. भावाच्या पेट्यांसमोरची फरशी स्वच्छ होती.