एक्सजी आणि साडूभाऊ

अख्ख्या इंदुरात माझ्याइतकं बीजगणित कोणाला येत नाही, अशा थाटात मी साडूभाऊंच्या बैठकीत पेनचं टोपण काढलं आणि दहा मिनिटांत एका बापाचं वय वजा तीस वर्षं काढून दाखवलं. मुलाचं आलं वजा दहा. बी. कॉम. ही पदवी मी सासुरवाडीत जरा जास्तच मिरवलेली असल्यामुळे साडूभाऊंनी स्वतःच्या शिकवणीसाठी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, पोहे-जलेबीही पोटात गेली होती, तेव्हा माघार घेणं शक्य नव्हतं. साडूभाऊंनी वही हातात घेतली, चष्मा कपाळावर ढकलला आणि अत्यंत आदराने म्हणाले, "भिया, पोरगा दहा वर्षांनी जन्मणार आणि बाप तीस वर्षांनी. मतलब, हा पोरगा बापाच्या बारशाला जेवून येणार!" आतल्या खोलीत माझी बायको आणि तिची ताई, म्हणजे साडूभाऊंची बायको, अशा काही हसल्या की तो आवाज थेट बड्या गणपतीपर्यंत गेला असावा. देऊळ तसं त्यांच्या घरापासून चार पावलांवरच आहे, ही गोष्ट वेगळी.

देवाने जग घाईत बनवलं आणि मग ते तपासायला एकच माणूस नेमला, तो म्हणजे आमचे साडूभाऊ, असं माझं प्रामाणिक मत आहे. तीस वर्षं ते सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात लेथवर उभे आहेत. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, व्हर्नियर असतो. त्याने ते लोखंड तर मोजतातच, पण शेवेची जाडीही मोजतात, आणि कोणत्या दुकानाच्या साच्याची भोकं झिजली आहेत हे दुकानदाराला जाऊन सांगतात. दुकानदार हात जोडून म्हणतो, "उस्ताद, खानी है कि फिट करनी है?" पुतणीच्या लग्नात व्याह्यांना मानाची शाल द्यायची वेळ आली आणि साडूभाऊ गायब. सगळीकडे शोधाशोध. शेवटी ते जेवणाच्या टेबलाखाली सापडले, कारण टेबलाचा एक पाय डुगडुगत होता आणि लग्नपत्रिकेची नेमकी किती घडी घातली म्हणजे तो टेकेल, हे बघण्यात ते गढून गेले होते. ताईंची पोळी वाटोळी नसते असं ते कधी म्हणत नाहीत. फक्त म्हणतात, "आज चार वाजल्याच्या बाजूला थोडी बाहेर गेलीय." ताईही कमी नाहीत. त्या म्हणतात, "मग चार वाजता खा."

अशा माणसाला बावन्नाव्या वर्षी बीजगणित कशाला हवं होतं, तर सहीसाठी. कारखान्यात टूल रूमच्या इनचार्जची जागा रिकामी होणार होती. काम सगळं साडूभाऊच करत, पण तयार मालाच्या कागदावर सही करायचा एक तरुण इंजिनियर, ज्याला व्हर्नियर धरायला साडूभाऊंनीच शिकवलं होतं. "तपासतो मी, सही तो करतो," हे वाक्य ते हसत सांगत, पण सांगून झालं की चहा तसाच ठेवत. इनचार्ज व्हायला डिप्लोमा हवा, संध्याकाळच्या डिप्लोम्याला प्रवेश हवा, आणि शाळा सुटून ज्यांना जमाना झाला त्यांनी आधी कॉलेजचा तीन महिन्यांचा तयारीचा कोर्स करून बीजगणिताच्या पेपरात पास झालं पाहिजे, असा नियम. पेपर गेला तर प्रवेश गेला, आणि जागा बाहेरच्या कोणालातरी जाणार. माझ्या वजा तीसनंतर साडूभाऊंनी एवढंच म्हटलं, "तू राहू दे रे, मी क्लासला जाईन." माझ्या शिक्षकी पेशाची कारकीर्द एका रविवारात आटोपली.

क्लासमध्ये सगळी पोरं विशीतली. साडूभाऊ पहिल्या बाकावर, पाण्याची बाटली, पट्टी, दोन टोकदार पेन्सिली आणि खोडरबर अशी हत्यारं ओळीत मांडून बसत. पहिल्याच दिवशी एक्स निघाला. ज्याचं नाव-गाव माहीत नाही त्याला एकदम अरे-तुरे कसं करायचं, हा इंदुरी माणसाचा प्रश्न त्यांनी आपल्या परीने सोडवला आणि त्याला एक्सजी म्हणू लागले. "एक्सजी, जरा इकडे या. दोघे आहात का? मग दोनने भागू आपल्याला." आठवड्याभरात सगळा वर्ग एक्सजी म्हणायला लागला. समीकरण मात्र त्यांना पुस्तकातून नाही, पुलीवरून कळलं. पुली फिरताना थरथरली तर एका बाजूने जेवढं वजन कमी केलं तेवढं समोरूनही करावं लागतं. "बस, इतकंच आहे," ते मला समजावू लागले. "इकडून जे खरवडशील ते तिकडूनही खरवड. तू एकाच बाजूने खरवडलंस, म्हणून तुझा बाप थरथरला."

आणि एवढं कळूनही पहिल्या चाचणीत साडूभाऊंना शून्य मिळालं.

दहाच्या दहा उत्तरं बरोबर होती. पण पेपरावर फक्त उत्तरंच होती. बाकी कागद इतका कोरा आणि स्वच्छ की त्यावर जेवावं. मॅडम, म्हणजे त्यांच्या मुलीच्या वयाची पोरगी, तिने खाली लाल शाईत कॉपीचा संशय एकाच शब्दात लिहिला होता: 'नकल?' साडूभाऊ तो कागद घेऊन आमच्या घरी आले आणि त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. तीस वर्षांत त्यांच्या हातून निघालेला एकही नग परत आला नव्हता. मी म्हटलं, "दादा, पण मधल्या पायऱ्या कुठायत?" ते चकितच झाले. "पायऱ्या लिहिल्या होत्या ना. उत्तर निघाल्यावर पुसल्या." "का?" "का म्हणजे? काम झाल्यावर मशीन साफ करून नग द्यायचा असतो. गिऱ्हाइकाला बुरादा देतोस का तू?" लेथवरून निघालेला लोखंडाचा कीस झाडून टाकल्याशिवाय ते तीस वर्षांत कधी घरी गेले नव्हते, तसाच त्यांनी त्या दहा गणितांचा कीस रबराने झाडून, वर फुंकर मारून, चकचकीत माल मॅडमच्या हातात दिला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी क्लासमध्ये उभं राहून सांगितलं, "मॅडमजी, कोई भी सवाल दीजिए, बोर्ड पे करता हूँ." मॅडमने अवघडातलं अवघड दिलं. साडूभाऊंच्या उजव्या हातात खडू, डाव्या हातात डस्टर. एक ओळ लिहायची, दुसरी लिहायची, की पहिली पुसायची. पोरं ओरडायला लागली, "अंकल, रुको! अंकल, मिटाओ मत!" अंकल "बुरादा है, बुरादा," असं म्हणत पुसतच राहिले. शेवटी फळ्यावर एकटे एक्सजी उरले, बरोबर सात. वर्ग टाळ्या वाजवत होता. मॅडमने मात्र पुढे होऊन त्यांच्या हातातला डस्टर काढून घेतला. प्रकार काय आहे ते तिला कळलं होतं. म्हणाली, "काकाजी, सॉरी. नकल नहीं थी. पर बुरादा मत फेंकिए, मुझे वही चेक करना है." साडूभाऊंना हे एकदम पटलं. तपासणाऱ्याची अडचण त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला कळणार?

त्या दिवसापासून ताईंनी घरातलं रबर जप्त केलं. साडूभाऊंना पेनने लिहायला लावलं, आणि ते प्रत्येक ओळीनंतर, सवयीने, कागदावर नुसती फुंकर मारत. फायनलला वहीभर पायऱ्या लिहून आले. एका गणितात कामाला साडेसात माणसं लागतात असं उत्तर आलं, तर त्यांनी खाली टीप दिली की आठव्याला हाफ-डे द्यावा. निकाल लागला: पन्नासपैकी अठ्ठेचाळीस, वर्गात पहिले! पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि ते वरून ओरडत होते, "अरे, डावीकडचा जरा खाली आहे, बॅलन्स करा!" डिप्लोमा सुरू झाला आहे, आणि कारखान्याने तो पूर्ण व्हायची वाट न बघता, प्रवेशाच्या जोरावर, त्यांना इनचार्जचं काम सोपवलं. परवा त्यांच्या सहीचा पहिला कागद निघाला. सही चांगली दीड इंच लांब होती. ते म्हणाले, "अडतीस मिलिमीटर."

त्या आनंदाचं जेवण झालं. ताईंनी सगळ्या वह्या बाहेर काढल्या होत्या, पानंच्या पानं निळ्या शाईची, एक ओळ पुसलेली नाही. दोघी बहिणी बराच वेळ त्या चाळत बसल्या होत्या.  घरी परतल्यावर स्कूटरवरून उतरता उतरता बायको म्हणाली, "लग्न ठरलं तेव्हा ताईने देवासहून जीजाजींना चार पानी पत्र लिहिलं होतं. उत्तरात अख्ख्या कागदावर दोनच शब्द आले होते, 'मान्य आहे.' इतकी वर्षं तिला वाटायचं, ह्यांना सुचलंच तेवढं. आज तिने विचारलं, तर म्हणाले, लिहिलं होतं गं पुष्कळ, पेन्सिलीने."