अमित पाळकाची उलटतपासणी

आमच्या माझगावच्या चाळीतला अमित रणपिसे गोदीतली नोकरी सोडून चर्चचा पाळक व्हायला निघाला, तेव्हा सगळ्यात आधी मीच त्याला फादर म्हणायला लागलो. "नाना, आम्ही प्रेसबिटेरियन. आमच्यात फादर नसतो," असं म्हणत तो चिडायचा. म्हणून मी जास्तच म्हणायचो.

माणूस लोण्याहून मऊ. कुणी आजारी पडलं की हा उशाशी हजर. "काही होत नाही, देव बरं करणार," हे अशा गोड गळ्याने सांगायचा की डॉक्टरलाही खरं वाटावं. वरच्या मजल्यावरचा दत्ताराम अत्यवस्थ होता, तेव्हा त्याच्या बायकोला, कौसल्यावहिनींना, ह्याने हेच सांगितलं. दत्ताराम गेला. त्यानंतर वहिनी अमित दिसला की दार लोटून घ्यायच्या.

त्यांच्यात सेमिनरी, म्हणजे पाळकांचं कॉलेज, संपली म्हणून लगेच दीक्षा देत नाहीत. निरनिराळ्या चर्चमंडळ्यांचे पाळक आणि पंच एकत्र बसून उमेदवाराला तोंडी पिळून काढतात. ग्रीक झालं, हिब्रू झालं, मग पंचांतल्या पद्मजाबाईंनी विचारलं, "मरणाच्या दारातल्या माणसाची बायको विचारते, हे वाचतील ना? काय सांगाल?"

"वाचतील म्हणेन."

"कशाच्या आधारावर?"

अमित बायबल चाळायला लागला. निकाल लागला: वर्षभर थांबा.

चाळ खवळली. एवढा चांगला पोरगा! वशिला लावायला मी पेढे घेऊन पद्मजाबाईंच्या घरी. म्हटलं, "बाई, सोडा की त्याला." त्यांनी पेढा खाल्ला, मला चहा दिला नि म्हणाल्या, "तुमची छाती उघडणारा डॉक्टर असाच सोडलेला चालेल?"

माझी छाती तेव्हाच कुरकुरायला लागली होती, हे बाईंना कुठे ठाऊक! चहा तसाच ठेवून आलो.

अमित पुन्हा पुस्तकांत शिरला. मधेच एकदा कौसल्यावहिनींकडे जाऊन आला. काय बोलला कळलं नाही. मला कळलं नाही, म्हणजे बघा! पण वहिनींनी दार लोटायचं सोडलं.

पुढल्या परीक्षेला मी मागच्या बाकावर. बाईंनी तोच प्रश्न टाकला.

"वाचतील की नाही, मला माहीत नाही," अमित म्हणाला. "तसं वचन मला कुठे सापडलं नाही. देव त्यांना एकटं सोडणार नाही, हे सापडलं. तेवढंच सांगेन. आणि बसून राहीन."

"कुठे सापडलं?"

मग तो जो सुटला! अध्याय, ओव्या, मूळ ग्रीक शब्द. बाईंनी तरी आडवेतिडवे प्रश्न विचारलेच. पास झाला.

गेल्या महिन्यात माझी बायपास. आत नेताना त्याचा हात धरला. "काय फादर, वाचेन ना?"

"माहीत नाही, नाना."

"मेल्या, एवढं शिकून हेच?"

"मी इथे बसलोय."

वॉर्डात डोळे उघडले तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर आ वासून घोरत होता.

"पाळकसाहेब," मी हाक मारली.

दचकून उठला. म्हणाला, "नाना, बरं वाटत नाहीये का? डॉक्टरांना बोलावू?"