गांडुळांना फिनेल

गावात शहाणी माणसं पुष्कळ होती, पण विद्यापीठाच्या जीपला सावलीत उभं राहता येईल असं शेत एकच होतं. रस्त्याला लागून, कडेला डेरेदार झाड. शास्त्रीय निवड म्हणतात ती हीच. तेव्हापासून त्या शेताचे मालक 'प्रयोगकाका' झाले आणि बांधावर 'शाश्वत शेती प्रात्यक्षिक' असा फलक लागला. त्यावर विद्यापीठाचं नाव हत्तीएवढं आणि काकांचं सगळ्यात खाली, मुंगीएवढं.

त्या शेतात काय काय येऊन गेलं! ठिबकच्या नळ्या आल्या, त्या उंदरांना आवडल्या. आच्छादनाचा कागद आला, तो वाऱ्याला आवडला. सौरपंप आला, तो ढग दिसला की रजेवर. टिकलं ते फक्त गांडूळखत. गांडुळांना भाषणं ऐकू येत नाहीत, म्हणून असेल.

भाषणं द्यायला विस्तार विभागाच्या मॅडम यायच्या. अर्धा शब्द आपण बोलायचा आणि उरलेला लोकांकडून वसूल करायचा, ही त्यांची पद्धत. "जमिनीला कुठलं खत हवं? सेंद्रि...?"

"य!" लोक ओरडायचे.

"कोणाला काही शंका? ना...?"

"ही!" हे जरा जास्तच जोरात, कारण शंका विचारली की चहा लांबायचा.

मग काकांची पाळी. घरात काकांचं बोलणं पंख्याच्या घरघरीइतकंच ऐकलं जायचं. इथे मात्र गावभरची माणसं उन्हात उभी राहून माना डोलवायची. काका मूठभर खत उचलायचे, हुंगायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मित्रांनो, हे काळं सोनं आहे!"

"मग घेऊन जा की सोनाराकडे," काकू खिडकीतून म्हणायच्या.

काकूंपेक्षा तिखट एकच माणूस होता, काकांचा साडू. काकूंच्या धाकट्या बहिणीचा नवरा, राहायला ओढ्यापलीकडे. सासरेबुवा वर गेले तरी दोन जावयांमध्ये वरचढ कोण ही स्पर्धा काही संपली नव्हती. वाटेत भेटला की साडू मोठ्या काळजीने विचारायचा, "काय साडूभाऊ, खड्ड्यातली जनावरं बरी आहेत ना? दूधबीध देतात का?"

एके दिवशी मॅडमचा फोन आला. "काका, उद्या मोठे साहेब येताहेत. प्रात्यक्षिक तुमच्याकडेच ठेवायचं की पुलापलीकडच्या गावात न्यायचं, हे तेच ठरवणार. सगळं कसं हवं? स्व...?"

"च्छ!" काका फोनवरच ओरडले.

फलक गेला तर जीप जाणार, जीप गेली तर माणसं जाणार, आणि मग बोलायला उरणार तो पंखा. त्यांनी बांध झाडला, फलक पुसला, झाडाच्या बुंध्याला चुना लावला. मग ते खताच्या खड्ड्यापाशी आले. आत शेण. शेणात मोठे साहेब वाकून बघणार! साहेबांच्या ऑफिसात काका एकदा गेले होते. तिथे फिनेलचा काय घमघमाट होता, शिपाईसुद्धा पदवीधर वाटत होता. काकांनी घरातून बाटली आणली आणि खड्ड्यात उपडी केली. इतक्या वर्षांच्या प्रशिक्षणात मॅडमनी सगळं शिकवलं होतं. गांडुळांना फिनेल घालू नका, एवढंच शिकवायचं त्यांना सुचलं नव्हतं.

सकाळी खड्ड्यावरचं गोणपाट उचललं तर सगळी गांडुळं कडेला येऊन निपचित पडलेली.

"अहो, हे काय केलंत?" काकूंनी विचारलं.

"स्वच्छता," काका म्हणाले आणि मटकन खाली बसले. "संपलं सगळं. आता माझं ऐकायला कोण येणार गं?"

काकूंच्या जिभेवर एक झकास टोमणा तयार होता. नवऱ्याचं तोंड बघून त्यांनी तो गिळला. "उठा. धाकटीकडे चला. तिच्या गोठ्यामागे खड्डा भरून गांडुळं आहेत."

"साडूकडे? गांडुळं?"

"तुमचीच. मीच दिली होती पाटीभर. भावजींनी शपथ घातली होती, तुम्हाला कळता कामा नये म्हणून."

बातमी आधीच ओढा ओलांडून गेली होती; साडू दारातच उभा होता. "या, या! जनावरं दगावली म्हणे?"

काकांनी रिकामी पाटी पुढे केली.

"न्या हवी तेवढी. पण साहेबांसमोर सांगायचं, माल कुणाचा ते."

"आधी पाट्या भरा, मग अटी घाला," आतून धाकटी ओरडली.

जुनं खत काढून, खड्डा धुऊन, नवा माल भरेपर्यंत जीप सावलीत येऊन उभी राहिली. साहेबांनी पेनाने खत उकरलं. गांडुळं वळवळली. साहेब म्हणाले, "उत्तम. त्या अनुषंगाने, एकंदरीतच, उत्तम." मग त्यांनी विचारलं, "तुमचं बघून गावात आणखी कोणी केलं का?"

मॅडमचा चेहरा उतरला. दर वर्षी काका याचं उत्तर छाती फुगवून द्यायचे: "छे! त्याला डोकं लागतं." आणि त्याच उत्तरापायी प्रात्यक्षिक हलवायचं घाटत होतं, हे काकांच्या आत्ता ध्यानात आलं. गर्दीत साडू हाताची घडी घालून वाट बघत होता. खरं बोलावं तर गावासमोर शोभा, न बोलावं तर फलक गेला.

"केलंय," काका म्हणाले. "आमच्या साडूंनी. ही गांडुळं त्यांचीच. माझी मी काल फिनेल घालून मारली."

काका एवढी वर्षं बोलत होते, पण लोकांनी इतका कान देऊन कधी ऐकलं नव्हतं. मग मागून कोणीतरी विचारलं, "आणि साबणाचं पाणी गेलं तर?" दुसऱ्याने विचारलं, "राख चालते का?" चहा आला आणि कोणी बघितलंसुद्धा नाही.

"म्हणजे शिकवलेलं पसरतंय," साहेब मॅडमना म्हणाले. "मग हलवायचं कशाला? राहू दे इथेच." आणि ते साडूकडे वळले. "तुम्ही हे कोणाकडून शिकलात?"

साडूने झाडाकडे बघितलं, जीपकडे बघितलं. धाकटीने कोपर मारलं.

"ह्यांच्याकडून," तो दाढ उपटल्यासारखा पुटपुटला.

"जरा मोठ्याने, साडूभाऊ," काका म्हणाले. "मागच्यांना ऐकू येत नाही."