आम्ही दोघं मिसिंग

गेल्या दिवाळीनंतरच्या रविवारी मी आणि माझी बायको सुनंदा हरवलो, आणि ही बातमी सगळ्यात शेवटी आम्हाला कळली.

हरवलो तेव्हा आम्ही कुंभारीला सुनंदाच्या मावसबहिणीच्या वास्तुशांतीत दुसऱ्या पंगतीला बसलो होतो. आमची एकुलती एक मंजू नोकरीसाठी आयर्लंडला गेल्यापासून आम्ही कुणाचंच आमंत्रण सोडत नाही, मग तो चार-पाच दिवसांनी नळाला पाणी यायचा दिवस का असेना. (घरी भाजी करताना सुनंदाचा हात अजून तिघांच्या अंदाजानं पडतो, आणि उरलेल्या भाजीकडं रात्री आम्ही दोघंही बघत नाही.)

त्या सकाळी मंजूनं व्हॉट्सॲपच्या स्टेटसला आमचा फोटो ठेवला. विमानतळावर तिनंच काढलेला. त्यात मी हसायचा प्रयत्न करतोय आणि सुनंदा तोही करत नाही. वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत एकच शब्द: मिसिंग.

तो मोडनिंबला माझ्या थोरल्या भावानं, दादांनी, बघितला. दादांच्या फोनवर रोज कुणाचा ना कुणाचा म्हातारा याच शब्दाखाली येतो. त्यांनी घाबरून मला फोन लावला. माझा फोन आवाज बंद करून सुनंदाच्या पर्समध्ये. मग दादांनी फोटोखाली मराठीत लिहिलं, 'सोलापुरातून हरवले आहेत, दिसल्यास कळवा', आणि असतील नसतील तेवढ्या ग्रुपवर पाठवून दिलं.

जेवण उरकून मी फोन काढला. दादांचे ढीगभर मिस कॉल. आता आमच्या घरात मिस कॉल म्हणजे 'सुखरूप पोचलो, उचलू नका'. दादा कुठंतरी पोचले असतील, असं मी समजलो. (इतक्या वेळा पोचले म्हणजे लांबच गेले असावेत.)

त्याखाली आमच्या जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर एक फोटो आलेला. चष्मा स्कूटरच्या डिकीत.

"कुणाचे तरी आईबाप हरवलेत गं," मी सुनंदाला म्हणालो. "चेहऱ्यावरनंच कळतंय, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही." आणि कळवळून तो फोटो मी सगळ्या ओळखीच्यांना पाठवून दिला.

सुनंदानं फोन हातात घेतला.

"अहो, साडी माझ्यासारखीच हाय की." थोडं थांबून म्हणाली, "बाई पण मीच हाय."

स्कूटर मी इतकी जोरात कधी चालवली नव्हती. आमच्या कोपऱ्यावर रफिकभाईंचं गॅरेज आहे. त्यांनी हात दाखवून थांबवलं.

"काका, मंजूबेटीका स्टेटस देखा मैं. गाडी मिसिंग मार रही बोलके डाली ना? छोडके जाव, प्लग साफ करके देतूं."

त्यांच्या धंद्यात इंजिन धक्के देऊ लागलं की ते मिसिंग मारतं. फोटोत गाडी नव्हती, आम्ही होतो. पण आमचं वय बघता रफिकभाईंचं अगदीच चुकलं असं म्हणवत नाही.

फाटकाशी मोडनिंबची जीप उभी. दादा पायरीवर बसलेले, टोपी हातात.

"कुटं गेल्ता रं तुमी?"

"जेवायला. कुंभारीला."

"जेवायला?" दादा उठले, मला मारतात की काय असं वाटलं, पण त्यांनी माझा दंड धरला आणि सोडेनात. "आता पोलिसात जानार हुतो, बाळू. आई-आबा गेल्यावर तूच राह्यलायस की."

मी साठी ओलांडलेला माणूस. मला बाळू म्हणणारं आता तेवढंच एक माणूस आहे.

आत जाऊन मंजूला व्हिडिओ कॉल लावला. सगळं ऐकून ती पोट धरून हसली.

"काका, मिस म्हणजे आठवण येणंसुद्धा."

"मग शाळंतल्या बाईला मिस कशापायी म्हन्त्यात?" दादा म्हणाले. "तिची कुनाला आठवन येती?"

"तो शब्द वेगळा. मूळचा मिस्ट्रेस, म्हणजे मालकीण. तो तोडून मिस झाला. हा दुसरा मिस जुना आहे, नेम चुकला, हातातून सुटलं, असा. मग जे हाताशी नाही ते सारखं जाणवत राहतं, म्हणून आठवण." तिच्या मागच्या खिडकीतून पावसाळी उजेड दिसत होता. "खरं तर काकांनी बरोबरच वाचलं. मी इथं रोज शोधते, तुम्ही नसताच."

दादा टोपी नीट करू लागले. सुनंदा पाणी आणते म्हणून आत गेली आणि लवकर आली नाही.

"बाबा," मंजू म्हणाली, "तुम्ही पण म्हणा ना एकदा. मिस यू."

म्हणायचं खूप होतं. तिची खोली रोज झाडून घेतो, रस्त्यावर तिच्या आवाजासारखा आवाज आला की मान वळते. मी खाकरलो, फोन जवळ धरला, आणि विचारलं,

"तिकडं पाणी रोज येतं का गं?"

"येतं, बाबा."

"मग बरं," मी म्हणालो. सोलापूरकराच्या तोंडून याहून मायेचं वाक्य निघूच शकत नाही, हे मी अजून सुनंदाला पटवतोय.