काळ्या कातळावरचे चिंधूमामा

जीप सुरू करण्यापूर्वी चिंधूमामा पायांतल्या वहाणा काढून सीटखाली सारत. मग उजवा तळपाय ब्रेकवर, डावा क्लचवर दोन-तीनदा दाबून बघत आणि मगच चावी फिरवत. डिसेंबरात भंडारदऱ्याला सकाळचं लोखंड हाताला चावतं, तरी मामा अनवाणीच. पहिल्या वर्षी मी कारण विचारलं, तर म्हणाले, "वाहान घातली की रस्ता मुका हुतो, बाई."

नव्वद सालानंतरची ती वर्षं. मी नगरच्या एका कॉलेजात कार्यालयीन अधीक्षक होते. भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला आठ-नऊच मुलं असत. त्यांना दर डिसेंबरात सह्याद्रीचे लाव्हारसाचे थर दाखवायला न्यायचं ठरलेलं होतं. सहलीत मुली असल्या की सोबत एक बाई हवी, असा कॉलेजचा नियम होता. भूगोल विभागात बाई नव्हती, आणि माझ्या घरी माझ्यावाचून अडणारं कुणी नव्हतं, त्यामुळे दरवर्षी ते नाव माझंच पडे. मला काळ्या दगडातलं काही कळत नसे. पण माझ्या फायलीत सगळं असे. मुलांची नावं, पालकांची संमतिपत्रं, पाण्याचे कॅन, प्रथमोपचाराची पेटी आणि प्रत्येक थांब्यावर किती वाजता पोचायचं, किती मिनिटं थांबायचं, ते.

एस.टी.ने शेंडीला उतरायचं आणि तिथून धरणाच्या पाण्याला वळसा घालून घाटघर, साम्रद, रतनवाडी असं जीपने फिरायचं. रस्ता फक्त म्हणायला होता. मैलच्या मैल उघडा कातळ, मधे लाल माती, आणि एका बाजूला दरी. मामांची जीप लष्कराच्या डिस्पोजलमधली होती. छप्पर कापडी, तेही अर्धं. अकरा माणसं तीत कशी मावत हे मला कागदावर कधीच मांडता आलं नसतं.

मामा साम्रदच्या अलीकडच्या एका वाडीत एकटेच राहत. आधीची तीन मुलं गेली म्हणून आईने ह्यांचं नाव चिंधू ठेवलं, म्हणजे देवाचं लक्ष जाऊ नये. हे ते स्वतःच सांगत आणि पुढे म्हणत, "देवाचं लक्ष गेलंच न्हाई बघा, अजून." पन्नाशीचा, वाळलेला, ताठ माणूस. बायको वारलेली, एकुलती मुलगी खाली कोकणात दिलेली. पावसाळ्याचे चार महिने वाडीत चुलीशी बोलत बसतो, असं ते हसत सांगत. दिवाळीनंतर पाहुणे येऊ लागले की त्यांच्या तोंडाला खळ नसे. चार महिन्यांचं साठलेलं असावं.

आमचे भूगोलाचे देशमाने सर गाडी थांबवून मुलांना कड्यावरचे आडवे पट्टे दाखवत. लाखो वर्षांपूर्वी जमीन फाटली, तप्त रस पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा पसरला. सरांचं झालं की मामा आपलं सुरू करत. त्यांच्या मते धरती उतू गेली होती. एकदा नव्हे, लई येळा. कुणी बाई चुलीवर दूध ठेवून शेजारणीकडे गेली ती आलीच नाही. वरचा भोकाभोकांचा दगड म्हणजे फेस, मधला साय आणि खालचा घट्ट काळा दगड म्हणजे भांड्याला लागलेली खरवड. "आन आमी त्या खरवडीवर भात लावतो," म्हणत. मुलं हसत. देशमाने सर पहिल्या वर्षी जरा आक्रसले. तिसऱ्या वर्षी वर्गात तेच सांगताना मी त्यांना व्हरांड्यातून ऐकलं.

वाटेतल्या मोठ्या दगडांना मामांनी नावं ठेवलेली होती. एक वाणी होता. "टायराचं चिमटीभर तरी घेतल्याबिगर सोडत न्हाई." एक पाटील होता, त्याला नुसतं बाजूने जाऊन चालत नसे, गाडी हळू करावी लागे. एक म्हातारी होती. तिच्यावरून चाक गेलं की मामा तिची माफी मागत. प्रत्येक दगडामागे एक गोष्ट, आणि चाक दगडाला लागलं की त्यांची गोष्ट सुरू होई. मी घड्याळ बघत असे. साम्रदला पोचायची वेळ टळून गेलेली असे. मी फाइल उघडली की ते मान न वळवता म्हणत, "घाई आसंल त्यानं डांबरीनं जावं, बाई."

घाटघरला कोकणकड्यावर मात्र ते गप्प होत. तिथे जमीन एकदम तुटते आणि खाली कोकण पसरलेलं दिसतं. पहिल्या वर्षी त्यांनी हात लांब करून मला दाखवलं, त्या दोन टेकाडांच्या मधे, आंब्याच्या झाडांपलीकडे, धूर निघतोय ना, ती माझ्या लेकीची वाडी. दुसऱ्या वर्षीही दाखवलं. पुढे कधीतरी त्यांनी दाखवायचं सोडलं आणि विचारायला लागले. "बघा बरं पोरांनो, धूर दिसतो का?" मुलं दिसतो म्हणाली की ते मान हलवत आणि गाडीकडे परत जात. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. मुलांना गुंतवायची त्यांची रीत असेल, असं धरून मी पुढच्या थांब्याची वेळ बघितली.

पाचव्या वर्षी बांधकाम खात्याने रस्ता करायला घेतला होता. घाटघरच्या पुढे एका वळणावर रस्त्याच्या मधोमध खडीचा ढीग ओतलेला. सकाळी दहाचं लख्ख ऊन. आम्हाला सगळ्यांना ढीग लांबूनच दिसत होता. मामा पाटलाची गोष्ट सांगत होते. ते वेग कमी करतील, वळवतील, असं वाटेपर्यंत डावी चाकं ढिगावर चढली आणि जीप दरीच्या अंगाला कलली. मागच्या दोन मुली माझ्या अंगावर आल्या. पाण्याचा कॅन बाहेर पडला आणि कातळावर आपटत खूप वेळ खाली जात राहिला. मामांनी दोन्ही पाय दाबून गाडी धरली. आम्ही एकेक जण वरच्या अंगाने उतरलो. एका मुलीचं कोपर खरचटलं, एवढंच.

मुलांनी लगेच चेष्टा सुरू केली, की मामा, ह्या नव्या दगडाचं नाव काय? मामाही हसले. "ह्यो सरकारी हाय. ह्याला नाव खातं देतंय." सगळे हसले. मी हसले नाही, कारण मी त्यांचे पाय बघत होते. ते ढिगाभोवती फिरत होते आणि अनवाणी पायाने खडी कुठे सुरू होते, कुठे संपते ते चाचपत होते. डोळे समोर, दरीपलीकडे कुठेतरी.

मुलं सरांबरोबर पुढे चालत गेल्यावर मी मामांना सरळ विचारलं. किती दिवसांपासून?

त्यांनी नाकारलं नाही. बाजूचं दिसत नाही, तीन वर्षं झाली. समोरचं बी आता चाळणीतून बघितल्यासारखं. पण ह्या वाटेवर डोळ्याचं काम काय, असं म्हणाले. तिसाव्या वर्षापासून तीच वाट. हाताला चाक सांगतं, पायाला दगड सांगतो.

"खडीनं सांगितलं नाही," मी म्हणाले.

"खडी नवी हाय," मामा म्हणाले. मग पायाने खडी बाजूला सारत, "कुनाला बोलू नगा, बाई. गाडी हाय तवर मानसं येत्यात. गाडी न्हाई तर माझ्या वाडीला कोन येतंय?"

उरलेली वाट त्यांनी गाडी पावलाच्या वेगाने नेली. वळणावळणाला मी सरांना आणि मुलांना उतरवून गाडीपुढे चालायला लावलं, दगड मोजायच्या निमित्ताने. शेंडीला पोचेपर्यंत मी फाइल उघडली नाही.

अडचण आली की मी कागद घेते. नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ, राजूरहून सुटणारी एस.टी., मुक्कामाची सोय, सगळं लिहून मामांना कळवलं. जानेवारीत मामा आले. बरोबर फडक्यात बांधलेले काळभाताचे तांदूळ, माझ्यासाठी. दवाखान्यात त्यांनी फळ्यावरची मोठी अक्षरंच तेवढी वाचली, आणि मग न विचारता डॉक्टरांना सांगितलं की खालची वाचता आली नाहीत ते शाळा कमी झाल्यामुळे. डॉक्टर हसले नाहीत. काचबिंदू होता. गेलेली नजर येणार नव्हती. उरलेली टिकावी म्हणून थेंब दिले. मी थेंबांच्या वेळा एका पुठ्ठ्यावर ठळक लिहून दिल्या आणि लिहून झाल्यावर आपण काय केलं ते माझ्या लक्षात आलं. मामांनी पुठ्ठा दोन्ही हातांनी घेतला, घडी न घालता पिशवीत ठेवला.

एस.टी. स्टँडवर बाकावर बसून मी त्यांना सांगितलं की मला कॉलेजला कळवावं लागेल. दुसऱ्यांच्या घरची मुलं आहेत. ते म्हणाले, "लिवा. तुमचं लिवलेलं खोटं नसतंय." त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी फायलीत टिपण केलं. वाहन बदलावे. चिंधूमामांना वाटाड्या म्हणून सोबत घ्यावे. मला ही तोड फार चांगली वाटली होती. माणसं त्यांना भेटणार, गोष्टी सुटणार नाहीत, आणि चाक दुसऱ्याच्या हातात. त्यांनाही पत्राने कळवलं. वाडीच्या शाळेतल्या गुरुजींकडून त्यांनी उत्तर लिहवून घेतलं, की येतो.

पुढच्या डिसेंबरात राजूरची नवी जीप होती, चालक अबोल आणि सावध. मामा त्याच्या डाव्या हाताला बसले. धुतलेला सदरा, नवी टोपी. मुलांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की मामा काय सांगतात ते नीट ऐका, वहीत लिहा. मुलं वह्या उघडून बसली. जीप निघाली, आणि मामा बोलेचनात.

मला वाटलं, चालकाला बुजत असतील. मी विचारलं, वाणी आला का मामा? ते म्हणाले, आला आसंल. पाटील कुठे? त्यांनी खिडकीच्या दांडीला धरलेला हात सोडला आणि पुन्हा धरला. नवीन गाडीच्या स्प्रिंगा मऊ होत्या. धक्के लागत होते, पण कुठल्या चाकाला, कुठल्या दगडाचे, ते त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. अर्ध्या तासाने मुलांनी वह्या मिटल्या आणि आपापसात बोलायला लागली. देशमाने सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि थरांची माहिती द्यायला सुरुवात केली. धरती उतू गेल्याचंही त्यांनीच सांगितलं. मामा ऐकत बसले, एखाद्या परगावच्या माणसासारखे.

साम्रदच्या अलीकडे त्यांनी चालकाला थांबायला सांगितलं. मी खाली उतरले.

"बाई, मला ठाऊक हुतं ते हातापायाला ठाऊक हुतं," ते म्हणाले. "तोंडाला न्हाई."

मी म्हणाले, आपण गाडी हळू नेऊ. प्रत्येक दगडाशी थांबू. ते नको म्हणाले. इथून घर जवळ आहे, चालत जातो. जेवायला रतनवाडीपर्यंत तरी चला, डबा तुमचाही मोजून आणलाय, असं मी म्हणाले, तर त्यांनी हात जोडले. मी घड्याळ पाहिलं. एक वाजत आला होता आणि रतनवाडीला दीडपर्यंत पोचायचं होतं. मी गाडीत बसले.

जीप वळली तेव्हा मी मागे बघितलं. मामा रस्ता सोडून कातळावर चढले होते आणि झपाझप चालले होते. चाचपणं नाही, अडखळणं नाही. आणि त्यांचे ओठ हलत होते. ते बोलत होते. आम्ही लांब गेलो होतो, ऐकू आलं नाही.

त्या रात्री मुक्कामाला मी पुढच्या वर्षीचं टिपण तिथल्या तिथे लिहिलं. घाटघर ते साम्रद पायी, पुढे चिंधूमामा. गाडी कुणाची, चालक कोण, कोण कुठल्या जागेवर बसणार, सगळ्या जोडण्या मी वर्षभर करून पाहिल्या होत्या. गाडीच नको, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. नगरला पोचल्यावर पत्र टाकलं. गुरुजींचं उत्तर आलं, की मामांना वाचून दाखवलं, ते म्हणाले, बाईंना सांगा, पोरांना वाहाना काढायला लावीन.

भाद्रपदात गुरुजींचं दुसरं कार्ड आलं. मामांना वाडीत चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी शेजारी भाकर घेऊन गेला तेव्हा कळलं, मामा गेले होते.

त्या डिसेंबरात आम्ही तरीही चाललो. टिपण मंजूर झालं होतं. मुलं माझ्या पुढे, देशमाने सर सर्वांत मागे, गुडघ्यावर हात ठेवत. कातळ उन्हाने तापला होता आणि कुणी बोलत नव्हतं. मग मीच बोलायला लागले. एका दगडाशी थांबून म्हणाले, हा वाणी असावा. पुढच्याला पाटील म्हणाले. म्हातारीचं सांगितलं, दुधाचं सांगितलं. मुलं जवळ आली आणि ऐकायला लागली. एकीने विचारलं, आणि ह्या पुढच्याचं नाव काय, बाई?

माझ्याजवळचं तेवढ्यातच संपलं होतं. पाच वर्षं त्यांच्या गोष्टी चालू असताना मी घड्याळ बघत होते. साम्रद अजून दोन तास लांब होतं.